साबणाच्या खोक्याची शीर

आमच्याकडे खोक्यांचे साचे घडतात. आमचे हे लाकडी फळीत पोलादी पाती बसवतात. धारेची पाती पुठ्ठा कापतात, बोथट पाती घड्या पाडतात. लेक डिझाइन शिकून आली आणि तिला पहिलंच काम मिळालं ते साबणाच्या खोक्याचं. साबणवाल्या बाई दुपारच्या जेवणाआधी नमुना बघायला येणार होत्या. मनास आला नाही तर काम दुसऱ्याकडे जायचं.

दुपारपर्यंत माझं रोजचं मौन. मनात जप चालला होता, हात साच्यातून कापलेल्या नमुन्याला डिंक लावत होते. खोकं उभं केलं आणि बघते तर काय, त्याच्या भिंती फुगलेल्या!

"पोट सुटलं की गं याचं," हे म्हणाले.

"तुमच्यावर गेलंय, बाबा." लेक हसली खरी, पण चेहरा उतरला होता. "कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळ्याच भिंती सरळ दिसतात हो."

"पुठ्ठ्याच्या तावावर एक ओळ जास्त बसावी म्हणून तू खोकी आडवी निजवलीस, आणि मीही मान डोलावली. दोघं शहाणे!"

तिने पुठ्ठ्याचा तुकडा एका अंगाने ओला केला. त्याची आपसूक सुरळी झाली. लाकडासारखी पुठ्ठ्यालाही शीर असते. सुरळी जिकडे लांब, तिकडे शीर. ती उभ्या घड्यांना आडवी गेली तरच भिंत ताठ राहते. आमची शीर घड्यांच्या बरोबरीने धावत होती.

लेकीने पेन्सिल घेतली आणि थेट नव्या फळीवरच खोकी फिरवून मांडली. एका अंथरुणात भावंडं निजतात तशी, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. आधी होती तेवढी सगळी बसली! यांनी फळीत खाचा पाडल्या आणि पाती तिच्यापुढे सरकवली.

"वाकव तूच. चित्र तुझं, वळणंही तुझीच."

नव्या साच्यातला नमुना मी डिंक लावून उभा केला, तोच साबणवाल्या बाई आल्या. त्यांनी भिंतीवर अंगठा दाबला, झाकण मिटलं, पुन्हा उघडलं.

"असंच हवं होतं," म्हणाल्या. "पुढची खोकीही हिच्याकडूनच."

साच्याच्या कोपऱ्यात हे आपली खूण कोरतात. खोक्यावर ती कधीच उमटत नाही. त्यांनी कोरणी लेकीच्या हातात दिली.

"माझ्या खुणेशेजारी तुझी कोर. खाली नको."

मौन सुटायला अजून थोडा वेळ होता. म्हणून बरं, नाहीतर मी सगळी गल्ली गोळा केली असती.