एक दिवस आधी निघालेला अहवाल

थांबा, लगेच पान उलटू नका. मी अहवाल बोलतोय. अहवाल म्हटलं की माणसांची नजर आपोआप खिडकीबाहेर जाते, हे मला ठाऊक आहे. पण माझं मागणं फार नाही. माझी पानं बावन्न, त्यातलं एकही तुम्ही वाचू नका. फक्त माझी हकिगत ऐकून घ्या, कारण ती आजवर कुणी विचारलेली नाही.

मी एका छोट्या बेटावरच्या सरकारच्या जमाखर्चाविषयी आहे. बेटाचं नाव सांगणार नाही. माझ्या मालकाची तशी शिस्त आहे. आणि खरं सांगायचं तर ते बेट मीही पाहिलेलं नाही. माझा जन्म कुवेतचा. महबूल्यात समुद्राच्या बाजूला दाटीवाटीनं उभ्या असलेल्या इमारतींपैकी एकीच्या सातव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर मी लिहिला गेलो. टेबल चौघांचं होतं, जेवणारा एकटाच होता.

हा माझा मालक रविकांत. नाशिकचा. बावीस वर्षं इथल्या एका पेट्रोकेमिकल कंपनीत पुढच्या वर्षांचे अंदाज बांधण्याचं काम करतो. पत्नी शीलाताई नाशिकला एका शाळेत शिकवतात. आईच्या आजारपणासाठी म्हणून त्या सहा वर्षांपूर्वी परत गेल्या. आई गेल्या, पण शाळा सुटली नाही आणि मग परत येणं राहूनच गेलं.

आता तुम्ही म्हणाल, कुवेतमधल्या माणसाचा आणि त्या बेटाचा संबंध काय? काहीच नाही, आणि म्हणूनच तर त्याला बोलावलं. बेटाच्या कायद्यानं तीन स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमली होती. सरकारचे अंदाज खरे आहेत की गोडगोड, हे तिनं तपासून सांगायचं. पण बेट एवढंसं, की तिथं प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. समितीच्या अध्यक्षबाईंची भाची अर्थमंत्र्यांच्या घरात दिलेली. वकील सदस्याचा भाऊ मंत्रालयात. तेव्हा तिसरा तरी असा हवा होता, ज्याचं त्या बेटावर कुणी नाही. रविकांतची निवड झाली ती त्याच्या हुशारीमुळे आणि त्याहून जास्त त्याच्या एकटेपणामुळे. मला हे जरा लागलं. तो मात्र त्या नेमणुकीच्या पत्रावर इतका खूश होता, की त्यानं ते फ्रिजवर लावलं.

बेटाला उत्पन्न एकाच गोष्टीचं. परदेशी बोटी येतात, त्यांच्या समुद्रात मोठे मासे धरतात आणि त्याबद्दल परवान्याचे पैसे भरतात. सरकार दर वर्षी सगळ्यात चांगल्या वर्षाचा आकडा घेऊन पुढची तीन वर्षं आखायचं. रविकांतनं बारा वर्षांचे आकडे मांडले आणि मासे एखाद्या वर्षी दुसरीकडे गेले तर काय होईल, ते काढलं. राखीव निधी दीड वर्षात संपेल आणि म्हाताऱ्यांची पेन्शन निम्म्यावर येईल. हे वाक्य त्यानं एकतिसाव्या पानावर, तक्त्याखाली, अतिशय सभ्य शब्दांत लिहिलं. तज्ज्ञांची ही सवय असते. ओरडायचं असतं तिथंच ते खाकरतात.

ते वाक्य वर आणलं दत्तप्रसादनं. दत्तप्रसाद वेंगुर्ल्याकडचा, एसी दुरुस्तीचं काम करणारा. खाली तिसऱ्या मजल्यावर सहा जणांत राहायचा. एका शुक्रवारी एसीमधून पाणी गळतंय म्हणून रविकांतनं त्याला बोलावलं. काम झाल्यावर चहा आला आणि चहाबरोबर मीही आलो. बोलायला माणूस मिळाला की रविकांतला थांबता यायचं नाही. त्यानं बेट, बोटी, परवाने सगळं सांगितलं.

दत्तप्रसाद बशीतला चहा निवेपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "सायबानु, मासो काय सांगान येता? औंदा हयसर गावलो, फुडल्या वर्सा थयसर. आमच्या गावात रापणीची जाळी ओढतत. येका वर्सा होडी भरान जाता, दुसऱ्या वर्सा घरच्या कालवणापुरतोव मासो नाय."

"तेच मी लिहिलंय," रविकांत म्हणाला.

"खंय लिवलास?"

"हे बघ. एकतिसावं पान."

दत्तप्रसादला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं पानं बोटानं मोजल्यासारखी केली. "थंयपर्यंत कोण जातलो? म्हाताऱ्या माणसांच्या पोटाची गोष्ट, ती पयल्या पानार घाला."

रविकांत हसला. पण दत्तप्रसाद गेल्यावर त्यानं ते वाक्य खरोखर उचललं, त्यातला सभ्यपणा बराचसा काढला आणि पहिल्या पानावर आणून ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणालातरी काहीतरी सांगायला जन्मलोय.

अध्यक्षबाईंनाही ते पान पटलं. पण त्यांचा आवाज फोनवर बारीक झाला होता. "हे मंत्र्याला आवडणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढच्याच बाकावर बसतो. प्रसिद्ध करायचं बटण तुम्ही दाबा, रविकांत. तुम्ही दूर आहात."

नियम असा होता : मसुदा आधी मंत्रालयाकडे पाठवायचा. आकड्यांत चूक असेल तर ती दाखवायला त्यांना कामाचे दहा दिवस. दहा दिवस पुरे झाले की समितीनं तो जगजाहीर करायचा, आणि मग मंत्र्याला अर्थसंकल्प मंजूर होण्याआधी सभागृहात लेखी उत्तर देणं भाग. सल्ला पाळा, नाहीतर का पाळत नाही ते सांगा. माझी सगळी ताकद या एका नियमात होती. बाकी मी कागदच.

रविकांतनं मसुदा शनिवारी पाठवला. शनिवारी त्याला सुट्टी असायची. दुसऱ्या दिवसापासून तो किराणावाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवर रोज कामावरून आल्यावर एकेक फुली मारायला लागला. रविवार ते गुरुवार पाच. पुन्हा रविवार ते गुरुवार पाच. झाले दहा. मंत्रालयाकडून एक अक्षर आलं नाही. म्हणजे आकड्यांत चूक नव्हती.

त्या गुरुवारी संध्याकाळी तो मला छापायला घेऊन गेला. सर्फराजभाईंचं झेरॉक्सचं दुकान इमारतीच्या मागंच आहे. तिथं लोक इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे फॉर्म भरून घेतात, बायोडेटा टाईप करून घेतात. मशीनमधून गरम गरम बाहेर पडताना मी सर्फराजभाईंचा आवाज ऐकला.

"भाईसाब, ये कौनसी कंपनी का है?"

"कंपनी का नहीं. एक देश का है."

"पूरा देश?" त्यांनी मला हातात घेऊन तोलून पाहिलं. "इतने में आ गया?"

आम्ही तीन प्रती होतो. दोघांना बेटावर जायचं होतं. मी तिसरा, मालकाजवळ ठेवायचा. स्पायरल घालताना सर्फराजभाईंनी माझ्यावर निळं कव्हर लावलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

शुक्रवारी सकाळी रविकांतनं अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लॅपटॉपसमोर बसून बटण दाबलं. मग देवासमोर उदबत्ती लावली. मला त्यानं टेबलावर मधोमध ठेवलं होतं.

दुपारी मंत्रालयाचं पत्र आलं. चार ओळींचं. आकड्यांबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्यात एवढंच होतं, की बेटावर शनिवार-रविवारी सुट्टी असते आणि शुक्रवार कामाचा असतो. दहा दिवस आज संध्याकाळी पुरे होणार होते. अहवाल मुदतीआधी प्रसिद्ध झाला, सबब तो कायद्यानुसार सादर झालेला नाही, आणि त्याला उत्तर देण्यास सरकार बांधील नाही.

रविकांत ते पत्र उभ्यानं वाचत होता. वाचता वाचता बसला. बारा वर्षांचे आकडे ज्यानं दशांशापर्यंत बिनचूक लावले, त्याचा एक दिवस चुकला होता. बावीस वर्षं शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी ऑफिस करणाऱ्या माणसाच्या हातूनच ही चूक व्हावी. बेटावरच्या शाळकरी पोरानंही ती केली नसती.

अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "एक दिवस, रविकांत," त्या म्हणाल्या, "फक्त संध्याकाळपर्यंत." पुन्हा सादर करायला पुन्हा दहा दिवस लागले असते, आणि अर्थसंकल्प पुढच्या बुधवारी होता. तो मंजूर झाला. त्यात बोटी दर वर्षी येणार होत्या, आणि सगळ्यात चांगल्या वर्षाएवढ्या येणार होत्या.

महिन्याभरानं समितीवरची त्याची मुदत संपली. वाढवली गेली नाही. आभाराचं पत्र आलं, ते त्यानं फ्रिजवर लावलं नाही.

मग माझे दिवस सुरू झाले. सुरुवातीला टेबलावर, मग टेबलाच्या कडेला, मग कपाटावर, इस्त्रीच्या शेजारी. माझे दोन्ही भाऊ बेटावर आहेत. एक सभागृहाच्या ग्रंथालयात, पाकिटातून बाहेर न काढलेला. दुसरा अध्यक्षबाईंच्या घरी. आम्हा तिघांची कधी गाठ पडेल असं वाटत नाही. इथं वाळूचं वादळ आलं की खिडकीच्या फटीतून धूळ येते आणि ती माझ्यावर बसते. पुसायला हात येतो तो इस्त्रीसाठी येतो. कधीकधी वाटायचं, कुणीतरी मला वाचून खोडून काढावं, चुकीचा म्हणावं, भांडावं. न वाचता बाजूला ठेवणं फार वाईट. त्यात भांडायलाही कुणी नसतं.

दत्तप्रसाद अधूनमधून चहाला यायचा आणि विचारायचा, "तुमच्या बेटार काय म्हणतत?"

"काही नाही. ठीक आहे," रविकांत म्हणायचा. मुदतीची चूक त्यानं त्याला सांगितली नव्हती. शीलाताईंनाही नाही. त्यांना तो एवढंच म्हणाला होता, की काम संपलं.

या वर्षी बोटी आल्या नाहीत.

अध्यक्षबाईंचा मेसेज आला तेव्हा दत्तप्रसाद टेबलाशीच होता. मासे पार लांब, दुसऱ्याच देशाच्या पाण्यात गेले होते. निधी संपत आला होता. पेन्शन पुढच्या महिन्यापासून निम्मी. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, की तुमचं पहिलं पान शब्द न् शब्द खरं ठरलं.

रविकांतनं मराठीत अर्थ सांगितल्यावर दत्तप्रसादचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचा खरा झाला! सांगलंय मा मी, मासो असोच." मग त्यानं मालकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि चहा अर्धा ठेवूनच उठला. "येतंय सायबानु. कायव लागला तर हाक मारा." तो गेल्यावर रविकांतनं मला कपाटावरून खाली घेतलं. धूळ झटकली. पहिलं पान उघडलं.

मग त्यानं नाशिकला फोन लावला.

"शीला, तो अहवाल... बरोबर निघाला."

"अगंबाई! मग छानच की," त्या म्हणाल्या. जरा वेळानं त्यांचा आवाज बदलला. "अहो, रडताय की काय? बरोबर आलं तर रडायचं कशाला?"

मग त्यानं सगळं सांगितलं. कॅलेंडर, फुल्या, शुक्रवार, चार ओळींचं पत्र. "मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं असतं गं. कदाचित त्यांनी थोडे पैसे बाजूला ठेवले असते. मला रविवार कामाचा वाटला. ते लोक घरी असतील हे डोक्यातच आलं नाही."

मग शीलाताई म्हणाल्या, "सहा वर्षं मी दर रविवारी घरी असते. तुमचा फोन शुक्रवारी येतो, माझे तास चालू असताना." त्या चिडून बोलल्या नाहीत. "चूक फक्त त्या बेटाच्या बाबतीत झाली नाही हो."

रविकांतनं माझं पान मिटलं. त्याचा हात बराच वेळ माझ्यावर होता, आणि तो ओला होता.

सध्या मी पुन्हा टेबलावर आहे. तो राजीनाम्याचं पत्र लिहितोय. नाशिकला कधी जायचं ते अजून ठरत नाही. मला बरोबर नेईल की सर्फराजभाईंच्या रद्दीत देईल, मला माहीत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

निरोप घेताना एकच सांगतो. मी खरा ठरलो म्हणून माझं कौतुक करू नका. आम्ही अहवाल खरे ठरण्यासाठी लिहिलेलेच नसतो. तुमच्या हाती आमच्यापैकी कुणी आला, तर त्याचं पहिलं पान वेळेवर वाचा, आणि जे करायचं ते करून त्याला खोटं पाडा. मला कुणी खोटं पाडलं असतं, तर त्या बेटावरच्या म्हाताऱ्यांना माझी कधी आठवणही झाली नसती. मला ते फार आवडलं असतं.