सात नंबरची पँट

शिवणाच्या खोलीत चार मशिनं होती, एक लांबलचक टेबल होतं आणि एक मास्तर होते. मशिनं सगळ्यांची होती, टेबल सगळ्यांचं होतं. मास्तर मात्र कुणाचं ऐकतील तर शपथ. चाळीस वर्षं पँटी शिवून ते निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढू लागले. तिसऱ्याच दिवशी बायकोने त्यांना हाताला धरून इथे आणून सोडलं. म्हणाली, "तेवढंच पुण्य." पुण्य कुणाच्या पदरात, ते काही तिने सांगितलं नाही.

काम चांगलं होतं. एक संस्था निराधार मुलांना मोठ्या वसतिगृहात न कोंबता आसपासच्याच घरांमध्ये, एकेक दोनदोन करून सांभाळायला देई. दुकानदार कापडाच्या ठाणांची उरलेली टोकं देत. संस्थेची ताई मुलांची मापं चिठ्ठ्यांवर आणी. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. मास्तर कापड बेतत, बायका शिवत आणि काजं-बटणं आजी करत. आजींचे दात गेले होते, नजर शाबूत होती, आणि जीभ तर नवीकोरी होती.

या चिठ्ठ्यांमधला सात नंबर म्हणजे बबडी. वय वर्षं नऊ. शाळेच्या कचेरीत काम करणाऱ्या एका मावशीच्या दोन खोल्यांच्या घरात ती आठ महिन्यांपूर्वी आली. खिडकीजवळची कॉट तिची. सकाळी केस विंचरून घेताना अखंड बडबडायचा हक्क तिचा. दिवसातून चारदा मावशीचा चष्मा शोधून द्यायची नोकरीही तिचीच. देवाकडे तिचं एकच मागणं होतं: आता इथून कुठे जायला लावू नकोस.

पण नुसतं मागून भागत नाही, हे तिला माहीत होतं. आधीच्या घरात तिचा फ्रॉक आखूड झाला, ताई म्हणाली, "अगं, केवढी मोठी झालीस!" आणि त्याच आठवड्यात तिची पिशवी भरली गेली. त्या घरातल्या माणसांची बदली झाली होती, हे तिला दहादा सांगून झालं होतं. पण देवाने बुद्धी वाटताना नऊ वर्षांच्या मुलींना जरा सढळ हाताने दिलेली असते. बबडीने हिशेब मांडला: वाढलं की जावं लागतं. तेव्हा वाढायचं नाही. अंग काही ऐकेना, म्हणून तिने निदान टेपला तरी फसवायचं ठरवलं.

मावशी माप घ्यायला बसली की बबडी मावशीचाच जुना, पायघोळ गाऊन अंगात चढवी आणि आतल्या आत गुडघे वाकवून उभी राही. मावशी चष्मा नसताना कमरेपासून टेप सोडी आणि दिसेल तो आकडा लिही. सत्तावीस.

पँट शिवून गेली आणि चार दिवसांत परत आली. ताईने चाचरत सांगितलं, "मास्तर, चार इंच आखूड झालीय. ती म्हणते छान बसते, पण घोटे दिसतात हो."

खोलीतली मशिनं थांबली.

"आखूड?" मास्तर म्हणाले. "माझी?" आणि त्यांनी जे आख्यान लावलं, त्यात न्यायाधीशांच्या पँटी आल्या, बँडवाल्यांच्या आल्या, एका पायाने लंगडणाऱ्या पैलवानाची आली. अर्ध्या तासाने मूळपदावर येऊन ते म्हणाले, "नवीन माप आणा!"

नवीन माप आलं. पंचवीस.

"हे काय? महिन्याभरात मूल दोन इंचांनी आटलं?"

"धुवून वाळत घातलं असेल," आजी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. बायकांनी लगेच साथ धरली. एक म्हणाली, "सावलीत वाळवायला सांगा." दुसरी म्हणाली, "मास्तर, तुमची कात्रीच वाढत्या वयाची, कापड खाते."

मास्तरांनी टेबलावर टेप आपटला. "मी स्वतः जाऊन माप घेतो. चूक माझी निघाली, तर उद्यापासून बटणं लावायला बसेन!"

"नको गं बाई," आजी म्हणाल्या, "माझ्या शेजारी नको."

संध्याकाळी ताई मास्तरांना घेऊन मावशीकडे गेली. खरा शिंपी आलेला पाहून बबडी आत पळाली. ती गाऊन घालून आली आणि आजवर वाकली नव्हती इतकी वाकली. मास्तरांनी टेप सोडला. साडेचोवीस.

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग स्टूल पुढे ओढलं. "बसा."

कुणी अहो-जाहो केलं म्हणून बबडी खूश होऊन बसली. मास्तरांनी कमरेपासून बैठकीपर्यंत मोजलं, तिथून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. तीन आकडे हातावर खडूने लिहिले आणि बेरीज केली.

"एकतीस. बाईसाहेब, तुम्ही बसलात की उभ्यापेक्षा साडेसहा इंच उंच होता. पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं जन्मभर पाहिली. गुडघे आत ओढणारं हे पहिलंच."

ताईला हसू फुटलं. बबडीला मात्र फुटलं ते रडू. त्या रडण्यात सगळं आलं: आखूड फ्रॉक, पिशवी, "मी वाढत नाहीये, खरंच वाढत नाहीये."

ताईचं हसू विरलं. "अगं वेडे, कागदावर तू अठरा वर्षांची होईपर्यंत इथेच, असं लिहिलंय. दाखवू?"

"कागद तिकडेपण होता," बबडी म्हणाली.

मावशीने तिचं नाक पुसलं, उठून ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तिचं माप खोडा. माझं घ्या."

"तुम्हाला पँट हवीय?"

"तिलाच हवीय. माझ्या मापाची. माझ्याएवढी होईपर्यंत तीच घालेल."

"एकोणचाळीस इंच? त्या पोरीला?" मास्तरांनी नजरेनेच माप घेतलं आणि त्यांचा आवाज चिरकला. "अहो, ती पँट होईल की दोन सतरंज्या? माझं नाव खराब होईल!"

"होऊ दे. तिचं इथलं राहणं पक्कं होईल."

मास्तर पुटपुटत मोजायला वाकले. बबडी रडायची थांबून पाहत होती. मावशीने गुडघे अजिबात वाकवले नाहीत.

आठवड्याने पँट घेऊन मास्तर स्वतः आले. ताईवरही त्यांनी विश्वास टाकला नाही. कमरेला नाडी, आणि पायाशी आत एकावर एक दुमडलेल्या चार घड्या. प्रत्येक घडी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, सहज उसवेल अशा लांब टाक्यांनी घातलेली.

"दर वर्षी एक उसवायची," त्यांनी मावशीला समजावलं. "आधी निळा दोरा. घाई करायची नाही."

बबडीने पँट घातली. ती चालली तेव्हा पायांत दोन उशा बांधल्यासारखी धप धप वाजली. आरशाकडे गेली, दाराकडे गेली, तिथून पळत परत आली आणि मास्तरांपुढे ताठ उभी राहिली. घोट्यांशी घड्यांचे गोळे झाले होते.

"आवडली?" मास्तरांनी विचारलं.

"आवडली. पण पळताना हे गोळे टोचतात. एक घडी आत्ताच उसवा ना."

"आत्ता? अगं, वर्षभराची आहे ती!"

"मग मी लवकर वाढते."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होती की काय करत होती, कोण जाणे. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, बबडीकडे पाहिलं, आणि "पहिल्याच दिवशी फिटिंगला नावं!" असं म्हणत गुडघ्यांवर हात टेकून जमिनीवर बसले. मग खिशातून कात्री काढून त्यांनी निळा दोरा शोधायला सुरुवात केली.