पत्र्यावरची तार

मित्रांनो, मी सौंसरच्या कलाबाईंच्या घरातला एक जुना रेडिओ. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, आत काचेचे व्हॉल्व. ते तापायला मिनिटभर लागतं, मग मी बोलतो. नगरपालिकेतली नोकरी पक्की झाली तेव्हा त्यांच्या यजमानांनी, दादारावांनी, मला नागपूरहून बसमध्ये मांडीवर धरून आणलं. त्यांची लेक चंद्रकला तेव्हा चार वर्षांची होती. आत माणूस बसलाय का, म्हणून ती माझ्या मागे डोकावून पाहायची.

ती मोठी झाली, नर्सचं शिकायला नागपूरला गेली आणि तिथे तिने आपल्या मनाने लग्न केलं. दादारावांनी तिचं नाव घेणं सोडलं. याला दोन वर्षं झाली होती.

१९८६च्या वैशाखात, एका मंगळवारी कलाबाईंना तिचं कार्ड आलं. शुक्रवारी दुपारी साडेबाराला, बायकांच्या कार्यक्रमात, ती नागपूर केंद्रावरून बोलणार होती. तान्ह्या बाळाची निगा, हा विषय. कलाबाईंनी कार्ड दोनदा वाचलं आणि काळजीने माझ्याकडे पाहिलं. महिनाभरापासून माझा आवाज बसला होता. नागपूर विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं यायचं.

बुधवारी त्यांनी मला लुगड्यात गुंडाळून अरविंद मिस्त्रीकडे नेलं. तो म्हणाला, "व्हॉल्व पाहा लागन, मावशी. सोमवारी या." सोमवार काय कामाचा? त्यांनी मला तसंच परत आणलं. गुरुवारी लोखंडी कपाटाजवळून उचलून खिडकीत ठेवलं. आवाज थोडा उघडला, पण शब्द कळेनात. त्यात शेजारची पिठाची चक्की सुरू झाली की माझ्यात नुसती खरखर. मला माझीच धास्ती वाटू लागली. ऐन वेळी मी गप्प बसलो तर?

दुपारी वाऱ्याची एक झुळूक आली आणि मी एकदम स्पष्ट बोललो. वारा पडला, आवाज पडला. कलाबाई हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या. पुन्हा वारा, पुन्हा आवाज. त्या बाहेर धावल्या. मागच्या वादळात छपरावरचा बांबू कलला होता आणि त्याला बांधलेली माझी एरियलची उघडी तार पत्र्यावर लोळत होती. वाऱ्याने ती उचलली की मला ऐकू यायचं.

संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तार पत्र्याले लागून राहिली. बांबू सरळ करून द्या."

"काहून? काय ऐकाचं हाय तुले?"

त्यांनी कार्ड पुढे ठेवलं. दादारावांनी ते वाचलं, उलटं ठेवलं आणि उठून गेले.

शुक्रवारी सकाळी ते कामावर गेले, बांबू तसाच. कलाबाई चक्कीवाल्या भिवाजींकडे गेल्या. "भाऊ, साडेबाराले थोडा वेळ चक्की बंद ठेवता का? चंद्रकला बोलणार हाय रेडिओवर."

"पीठ काय पळून जाते, वहिनी? ठेवतो बंद."

सव्वाबाराला त्यांनी माझं बटन पूर्ण फिरवलं आणि बाहेर जाऊन काठीने तार पत्र्यावरून उचलून धरली. मी खणखणीत बोलू लागलो. पण त्यांचे हात भरून येत होते. काठी खाली आली की माझा गळा दाबल्यासारखा व्हायचा. निवेदिकेने चंद्रकलाचं नाव घेतलं आणि नेमकी तेव्हाच तार पुन्हा पत्र्यावर पडली.

मागून कोणीतरी काठी हातातून घेतली. खाकी सदरा घामाने भिजलेला, दादाराव होते.

"तू आत जाय," ते म्हणाले.

कलाबाई माझ्यासमोर बसल्या. चंद्रकला दहा मिनिटं बोलली. एक शब्दही तुटला नाही. बाहेर उन्हात काठी जराही हलली नाही, चक्की बंद होती, आणि सगळं अंगणापर्यंत ऐकू जात होतं.

दादाराव आत आले. तांब्याभर पाणी प्याले. तांब्या खाली ठेवत म्हणाले, "आवाज बारीक झाला पोरीचा. जेवत नसन बरोबर."

"मंग विचारा तिले," कलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादारावांनी बांबू सरळ केला, तार घट्ट बांधली आणि कोरं कार्ड घेऊन बसले. पहिली ओळ लिहायला त्यांना फार वेळ लागला.

मित्रांनो, माझा आवाज बसला की पेटीवर थापा मारू नका, मला लगेच भंगारातही काढू नका. आधी बाहेर जाऊन तार बघा. ती उचलायला कोणाला तरी उन्हात उभं राहावं लागतं, एवढंच.