डावी बाहुली

वैजूची राख सावडून घरी आलो, त्या सकाळपासून माझ्या डाव्या डोळ्याची बाहुली उजेड गिळायला लागली. आधी गेलं ते स्वयंपाकघरातलं ऊन. खिडकीच्या गजांसकट ते फरशीवर पडलेलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तर ओट्यावरचं ओलं फडकं उचलावं तसं ते उचललं गेलं आणि माझ्या डोळ्यात शिरलं. गजांच्या सावल्या तेवढ्या खाली राहिल्या. आईनं त्या केरसुणीनं लोटून बाहेर काढल्या.

"शैला, वैजूच्या दिव्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "बघायचंच असलं तर उजव्या डोळ्यानं बघ."

मी डाव्या डोळ्यावर पदर धरला, म्हणून जमिनीवर पिठाशेजारी ठेवलेला तो दिवा वाचला.

वैजू माझी धाकटी बहीण. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे, ते आम्ही दोघी चालवायचो. माल मी आणायची, बांगड्या ती भरायची. कितीही जाड हात असो, तिच्या बोटांत तो लोण्यासारखा मऊ व्हायचा. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून माल आणायला स्कूटरवरून ती गेली. परतताना वळणावर वाळूवरून घसरली आणि डोकं कठड्याला आपटलं. रक्त आलं नाही. स्वतःच्या पायांनी चालत ती दवाखान्यात आली, मीही धावत तिथं पोचले.

"अक्का, हिरव्या बांगड्यांचे डबे सगळे फुटले गं," असं म्हणून ती हसलीसुद्धा.

मग तिला उलटी झाली. तोंड पुसताना मला दिसलं, तिची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती. डॉक्टर विश्राम नाडगौडांना मी ते सांगितलं. त्यांच्या खिशाला पेनासारखा बारीक टॉर्च अडकवलेला होता. त्यांना कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं, बाहेर गाडी सुरू करून ठेवलेली होती.

"ती बोलतेय, चालतेय. मुका मार आहे," ते म्हणाले. "घरी न्या, झोपू दे."

"डॉक्टर, एकदा डोळ्यांत बघा की."

"गरज नाही."

वैजू घरी येऊन झोपली. संध्याकाळी मी तिला चहाला उठवायला गेले, तेव्हा तिच्या दोन्ही बाहुल्या पूर्ण उघड्या होत्या आणि त्यांच्यात बघणारं कुणी नव्हतं.

माझा डोळा दाखवायला आई मला कोल्हापूरला घेऊन गेली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर मेहरुन्निसा बागवान यांनी माझ्या उजव्या डोळ्यात टॉर्च मारला. बाहुली आकसून मिरीएवढी झाली. डाव्यात मारला, तर टॉर्च विझला. त्यांनी दुसरा घेतला, तोही विझला. त्यांनी दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि हात धुतले.

"उजेड पडला की बाहुली लहान व्हायला हवी," त्या म्हणाल्या. "एकाच डोळ्यावर पडला तरी दोन्ही लहान व्हायला हव्यात. डोळ्यातून निरोप मेंदूकडे जातो, मेंदू उलट निरोप धाडतो. डोक्याला मार लागून आत रक्त साठलं की ही उलटी वाट चेपली जाते. मग त्या बाजूची बाहुली मोठीच राहते."

"हे बघायला किती वेळ लागतो?"

"टॉर्च खिशातून काढायला लागेल तेवढाच."

"आणि बघितलं असतं तर?"

त्यांनी ओले हात पुसले. "तर ताबडतोब इथं आणता आलं असतं. कवटी उघडून रक्त काढतात. बरीच माणसं वाचतात." मग त्यांनी माझ्या पापणीवर बोट ठेवलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं. "आत पुष्कळ उजेड साठलाय. काय करणार याचं?"

"ते ठरलंय," मी म्हणाले. आई खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी नाडगौडांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसायला लागले. सकाळी दवाखाना उघडला की जायचं, बसायचं आणि बघायचं. आधी दारावरची पाटी विझली, मग ट्यूबलाइट, मग औषधांच्या कपाटातली काच. खिडकीतून आत येणारं ऊन माझ्या बाकापर्यंत यायचं आणि तिथं संपायचं. वायरमनला बोलावलं. त्यानं सगळी बटणं खालीवर केली.

"वायरिंग चांगलं आहे साहेब," तो म्हणाला. "उजेडच आलेला नाही."

पेशंट घरून बॅटऱ्या आणायला लागले. त्याही मी एकेक करून घेतल्या. लोक भिंत चाचपत आत यायचे आणि आवाजावरून औषध घेऊन जायचे. डॉक्टर वर माडीवर राहत, म्हणून मी मान वर करून छताकडेही बघितलं. त्यांच्या बायकोनं चेहऱ्यावर उरलेला थोडा उजेड रुमालात बांधून घेतला आणि ती माहेरी बेळगावला निघून गेली.

मला त्या दिवसांत बरं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. डोळा मिटला तरी आत भर दुपार असायची. पापणी कंदिलाच्या काचेसारखी तापायची. झोप येत नव्हती आणि यावी असंही वाटत नव्हतं. दुकानात बायका हात पुढे करायच्या, पण माझ्या नजरेखाली हिरवी बांगडी काळी पडायची, मग त्या हात मागे घ्यायच्या. मी दुकानाचं शटर ओढून टाकलं.

दवाखाना मात्र रोज लहान होत होता. अंधार जसा वाढला तशा भिंती जवळ आल्या. बाहेरच्या खोलीतला माझा बाक दारातून सरकत आत गेला आणि एका सकाळी डॉक्टरांच्या टेबलाला येऊन टेकला. माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागले.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. अंधारात त्यांच्या बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळ्यांत दुसरा रंगच उरला नव्हता.

"वैजयंतीची अक्का."

"कोण वैजयंती?"

भिंतीवरच्या कॅलेंडरमधला सूर्य तेवढा शिल्लक होता, तोही मी घेतला.

त्याच दिवशी दुपारी दारात एका माणसाचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, मी मारुती नाईक. बायको जिन्यावरनं पडली. शालन नाव हिचं. बोलतीया चांगली, पण उलटी झाली."

"मला काय झालं नाही," बाईचा आवाज आला. "उगंच आणलंय यांनी. घरी चुलीवर डाळ आहे."

ते दोघं चाचपडत आत आले. खोली आता इतकी लहान होती की आम्ही चौघं एकमेकांचा श्वास घेत होतो. डॉक्टरांनी खिशातला टॉर्च काढला. बटण दाबल्याचा आवाज आला, पुन्हा आला. माझ्या डोळ्यात टीचभर ऊब वाढली.

"थोडा उजेड द्या," ते माझ्या दिशेनं म्हणाले. "मला यांच्या बाहुल्या बघायच्या आहेत."

"ती बोलतेय, चालतेय," मी म्हणाले. "मुका मार असेल. घरी न्यायला सांगा."

अंधारात त्यांचा हात टेबलावरून सरकत आला आणि माझ्या मनगटापाशी थांबला.

"त्या दिवशी हिरव्या बांगड्या फुटल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "तुम्ही डोळ्यांत बघा म्हणालात."

"म्हणाले होते."

"मी बघितलं नाही."

"नाही बघितलं."

"अहो, डाळ करपंल," शालन म्हणाली. आता तिची जीभ जड झाली होती.

वैजूचीही त्या दिवशी घरी येताना वाटेत अशीच झाली होती. मला या बाईशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवं होतं ते हेच, की या माणसानं मागावं आणि त्याला मिळू नये. पण शालननं आधारासाठी माझा हात धरला. तो जाड, खरखरीत हात होता, वैजूला भरायला आवडायचे तसला. मी डोळा तिच्याकडे वळवला आणि पहिल्यांदा आतलं सोडलं. स्वयंपाकघरातलं ऊन, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, माडीवरचे दिवे, कॅलेंडरातला सूर्य असं सगळं एका काडीएवढ्या बारीक धारेनं बाहेर पडलं आणि तिच्या डोळ्यांवर गेलं. उजवी बाहुली आकसली. डावी तशीच राहिली.

"कोल्हापूर," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माझी गाडी न्या, ड्रायव्हर बाहेरच आहे. मी तिथं फोन करतो, वाटेत कुठं थांबू नका."

मारुतीनं बायकोला उचललं. गाडी सुरू झाल्याचा आणि गेल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी फोन केला, नीट सगळं सांगितलं आणि फोन खाली ठेवला. माझ्या डोळ्यात आता काहीच उरलं नव्हतं. आत इतका काळोख होता की मला थंडी वाजली.

"झालं ना आता?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वैजूच्या डोळ्यांत अजून कुणी बघितलेलं नाही."

"ती आता कुठं आहे?"

"आत."

त्यांनी खुर्ची मागे सारली. टॉर्चचं बटण दाबलं, आणि या वेळी तो लागला, कारण मी तो घेतला नाही. त्यांनी माझ्या हनुवटीला धरून चेहरा वर केला आणि डाव्या बाहुलीत उजेड मारला. बाहुली काठापर्यंत उघडी होती.

"दिसत नाही," ते म्हणाले.

"आणखी आत."

त्यांनी कपाळ टेकवलं. मग डोकं आत गेलं, मग खांदे. विहिरीत उतरताना शोधावी तशी पायांनी पायरी शोधत ते उतरले. मला दुखलं नाही. टेबलापाशी त्यांच्या चपला तेवढ्या राहिल्या.

माझ्या कवटीच्या आतल्या बाजूला त्यांची पावलं ऐकू येऊ लागली. "वैजयंती," ते हाक मारत होते, "वैजयंती," प्रत्येक वेळी थोडे लांबून. त्यांचा टॉर्च आत हळूहळू फिरत होता. तो जिकडे वळायचा, तिकडे माझी मान वळत होती.