मालतीबाईंचा परदेशी तवा

मी एक जुना तवा आहे. बिडाचा, काळा, सपाट, आणि एका हाताने उचलायला गेलात तर मनगट दुखवणारा. राहतो उलव्याला, मालतीबाईंच्या स्वयंपाकघरात. पण मित्रांनो, मी मूळचा इथला नाही. माझ्या डोक्यावर जी कमानीसारखी कडी आहे ना, ती बघून शेजारच्या बायका अजून विचारतात की हा असला तवा कुठून आणला. मी स्कॉटलंडहून आलो. मराठी मला थोडी तिकडेच फोनवरून आणि बाकीची इथे गॅसवर बसून, ऐकता ऐकता आली. तेव्हा बोलताना कुठे घसरलो तर सांभाळून घ्या. आणि जरा धीर धरा. मला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलो की लवकर निवत नाही.

वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. जन्मलो तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो. हा काळा रंग माझी कमाई आहे. वर्षानुवर्षं तेल आणि आच खाल्ली, तेव्हा कुठे तो अंगी लागला. ॲबर्डीन नावाच्या समुद्राकाठच्या शहरात एका कोळ्याच्या घरी माझी पहिली नोकरी. तिथे ओटच्या पिठाच्या पातळ, कडक भाकऱ्या भाजतात. त्या घरची मुलगी एल्सी. ती लहानपणी मासळीच्या शेडमध्ये कामाला जायची आणि येताना तिच्या अंगाला हेरिंग माशांचा वास यायचा. आईनंतर मी एल्सीकडे आलो. तिच्या हातून माझ्यावर किती पीठ भाजलं गेलं असेल, देव जाणे. पाहुणे म्हणायचे की एल्सीच्या भाकरीची चव एल्सीची नाही, तिच्या तव्याची आहे. मी ते ऐकून घ्यायचो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

मग एल्सीची एल्सी आजी झाली. मोठं घर झेपेना, म्हणून ती छोट्या घरात गेली. तिथली शेगडी काचेची. माझं वजन त्या काचेला सोसणार नव्हतं. तिने मला गल्लीतल्या एका सभागृहाला देऊन टाकलं. तिथे दर बुधवारी एकटीदुकटी म्हातारी माणसं जेवायला जमतात आणि स्वयंसेवक त्यांच्यासाठी रांधतात. एल्सी आजीही तिथे चहा करायला यायची. सुरुवातीला माझा मान होता. पुढे गुळगुळीत नॉनस्टिक तवे आले. हलके, चकचकीत, आणि एक ओरखडा पडला की कामातून गेलेले. त्यांच्यावर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. एके दिवशी कुणीतरी मला साबणाने घासलं आणि ओलंच कपाटात सारलं. वर डबे आले, पिशव्या आल्या. मी अंधारात गंजत गेलो. कमावलेला काळा रंग गेला आणि अंगावर तांबडी साल आली. मला फार वाईट वाटलं. आपण कुणाला लागत नाही, हे ज्याला कळतं त्यालाच कळतं.

पुढे कधीतरी सभागृहाची साफसफाई निघाली आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. तेवढ्यात एका मुलीने वाकून मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि ती चक्क मराठीत म्हणाली, “अरे, हा तर तवा!”

ही नमिता. त्या दिवशी तिची स्वयंसेवक म्हणून पहिलीच पाळी होती. ती विद्यापीठात खाड्या आणि समुद्रकिनारे यांचा अभ्यास करायला आली होती. संध्याकाळी एका वृद्धाश्रमात काम करायची, आजी-आजोबांना कपडे घालायची, गोळ्या द्यायची. बुधवारी दुपारी मात्र तिला मोकळीक होती, आणि खोलीवर एकटीने बसवत नव्हतं, म्हणून ती इथे आली. तिने मला एल्सी आजीसमोर ठेवलं. आजीने चष्मा पुसला, माझ्या कडीवरून बोट फिरवलं आणि मला ओळखलं. मला असं गंजलेलं पाहून तिने माझी तांबडी साल नखाने खरवडली. मग तिने नमिताला विचारलं की तुझ्या घरीही असं भांडं असतं का. तिथेच ओट्यापाशी नमिताने तिला सगळं सांगितलं, म्हणून मलाही कळलं.

नमिताचं गाव खाडीकाठचं, आगरी लोकांचं. ते विमानतळात गेलं. घर पाडलं, भाताची शेतं भरावाखाली गाडली गेली आणि नमिताचे आईवडील, मालतीबाई आणि धर्मराज, उलव्याच्या नव्या घरात राहायला आले. जुन्या घरातून मालतीबाईंनी जे थोडं उचलून आणलं, त्यात त्यांचा तवा होता. पुढे नमिताला परदेशी प्रवेश मिळाला. धर्मराज आनंदाने सगळ्या आळीत सांगत सुटले. मालतीबाई मात्र म्हणाल्या, “आदी गाव गेलं इमानासाठी. आता पोर बी इमानानंच चालली.” निघायच्या आधी नमिताने आईकडे तो तवा मागितला, तेव्हा त्या एवढंच बोलल्या, “घर सोरून जानाऱ्याला तवा नाय.” आणि त्यानंतर त्या मुलीशी बोलल्याच नाहीत. नमिता घरी फोन करायची तेव्हा धर्मराज बोलायचे. मागे भांड्यांचा आवाज यायचा, आईचा नाही. आपण आलो ते चुकलं का, हा प्रश्न पोरीला आत खात होता. शिक्षण सोडून परत जावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

त्यात वसतिगृहातही तिची शोभा झाली होती. बॅगेच्या तळाशी तिला सुक्या बोंबलांची पुडी सापडली. बाबांनीच चोरून ठेवली असणार, असं समजून तिने ते बोंबील शेगडीवर भाजायला घेतले. खिडकी बंद होती. धुराची घंटा वाजली आणि सगळ्या मजल्यांवरची मुलं चपलाही न घालता थंडीत बाहेर येऊन उभी राहिली. बंबसुद्धा आला. पुन्हा असं झालं तर खोली जाईल, अशी ताकीद मिळाली. तेव्हापासून ती पाव खाऊन दिवस काढत होती. हे सांगताना ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. एल्सी आजीला बोंबील काय ते कळलं नाही, पण सुक्या मासळीचा वास चांगलाच कळला. ती म्हणाली, आमच्या शेडचा वास लागला की अशीच माणसं पळायची.

मला वाचवायचं कसं, हा प्रश्न होता. आजीच्या हातात आता जोर नव्हता. गंज कसा काढायचा हे आईला नक्की कळतं, असं नमिता म्हणाली. आजीने विचारलं, मग विचारत का नाहीस? नमिताने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि मला फोनसमोर धरलं. पलीकडचं बोलणं ती आजीला इंग्रजीत सांगत होती, म्हणून मलाही कळत होतं. बाबा, जरा आईला विचारा ना, म्हणाली.

धर्मराज फार भले गृहस्थ, पण स्वयंपाकघरात त्यांची ये-जा पाणी प्यायला तेवढी. ते आत गेले, विचारून आले आणि म्हणाले की मीठ टाकून रात्रभर पाण्यात ठेव. हे ऐकून माझा जीवच गेला. पण तेवढ्यात आतून आवाज आला, “पान्यात? मी कवा बोलले पान्यात?” फोन हलला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग मालतीबाईंचा चेहरा दिसला.

“दाखव आदी तवा,” त्या म्हणाल्या.

नमिताने मला उलटसुलट करून दाखवलं. तिचे डोळे वाहत होते.

“रडतंस कशाला? गंजलाय, मेला नाय.”

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ कौतुक ऐकलं आहे, पण या शेवटच्या तीन शब्दांची सर कशालाच नाही. मग मालतीबाई सांगत गेल्या आणि नमिता करत गेली. जाडं मीठ घे. अर्धा कांदा घे, त्याने घास. फडक्याने पूस. आता आचेवर कोरडा कर, तेल लाव, धूर निघू दे. इथे नमिताने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. एल्सी आजी खुर्चीवर बसून मान डोलावत होती, कारण तिची आईही असंच करायची. आजी आणि मालतीबाई, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण तेल जास्त झालं तेव्हा दोघी एकदमच नमितावर ओरडल्या.

पुढचे कित्येक बुधवार असेच गेले. तिकडे दुपार असायची तेव्हा उलव्याला संध्याकाळ व्हायची आणि मालतीबाई फोन घेऊन बसायच्या. नमिताने घरी कधी भाकरीला हात लावला नव्हता. आता ती सभागृहात तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकऱ्या थापू लागली. पहिल्या भाकऱ्यांना कडेने भेगा गेल्या, एक तर माझ्यावरच चिकटून बसली. मालतीबाई तिकडून चिडवायच्या, सासू असती तर पळवून लावली असती म्हणायच्या. हळूहळू भाकरी फुगू लागली. म्हातारी माणसं वाट बघू लागली. एका आजोबांनी भाकरी लोणी आणि जॅम लावून खाल्ली, तेव्हा मालतीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तरी पुढच्या बुधवारी त्यांनीच विचारलं की जॅमवाले आजोबा आले का.

शिक्षण पूर्ण झालं. नमिताला तिथेच किनाऱ्याची धूप मोजणाऱ्या एका संस्थेत काम मिळालं. मालतीबाई दर वेळी विचारायच्या, कवा येतंस? नमिता म्हणायची, येते, टेन्शन घेऊ नको. ती रजेवर येणार होती. पण परत जाणार आहे, हे ती सांगत नव्हती. आई पुन्हा बोलायची थांबेल, ही तिला भीती होती. मला ते समजत होतं, पण तवा बोलणार काय?

निघायच्या आधीच्या बुधवारी एल्सी आजीने मला जुन्या लोकरी शालीत गुंडाळलं. माझ्या आईचा तवा तुझ्या आईने वाचवला, तेव्हा आता तो तिचा, असं ती नमिताला म्हणाली. तिने कडीवरून शेवटचा हात फिरवला. मला तिला सोडून यायचं नव्हतं. पण यायचंही होतं. परदेशी निघालेल्या माणसाचं असंच होत असावं.

उलव्याला आल्यावर मालतीबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं, बोटाने ठोकून पाहिलं आणि तेल लावलं. ओट्यावर त्यांचा तवा होता. जरा खोलगट, माझ्याइतकाच काळा. त्या दिवशी त्यांनी त्याला बाजूला ठेवून मला गॅसवर चढवलं. बोंबलांची गोष्ट निघाली, तेव्हा नमिताने बाबांना दोष दिला. धर्मराज म्हणाले की मला त्यातलं काहीच माहीत नाही, बॅग तर तुझ्या आईनेच भरली होती. मालतीबाई पीठ मळत म्हणाल्या, “मंग? खिरकी तरी उगरायची.” नमिता त्यांच्याकडे बघतच राहिली.

नमिताने लपवलेलं ते सांगितलं रजा संपत आली तेव्हा. मालतीबाई माझ्यावर भाकरी टाकत होत्या. आई, मला परत जायचंय, तिकडे काम आहे, असं नमिता खाली बघत म्हणाली. मालतीबाईंनी भाकरीवर पाण्याचा हात फिरवला. बाहेर विमान गेलं, खिडकीची काच थरथरली. त्यांनी भाकरी उलटली नाही. ती करपली, आणि माझ्यावर त्यांच्या हातून करपलेली ती एकच भाकरी. मला वाटलं, संपलं सगळं. पुन्हा भांड्यांचे आवाज, पुन्हा बाबांचा फोन.

जायच्या दिवशी बाहेरच्या खोलीत नमिताची बॅग उघडी होती. धर्मराज पापड, मसाला काय काय आणून देत होते. मालतीबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी खिळ्यावरचा आपला तवा काढला, जुन्या घरातून आणलेला. त्याला तेलाचं बोट लावलं, जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधला आणि बाहेर जाऊन बॅगेत ठेवला. भिंतीपलीकडून मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“घे. तुजं बी घर हाय तिथं.”

मग नमिताचं रडणं ऐकू आलं, आणि वजन जास्त होईल म्हणून धर्मराजांची चाललेली कुरकूर.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या गावी तो गेला आणि त्याच्या घरी मी आलो. परक्या मुलखात पहिले दिवस जड जातात, हे मला आता अनुभवाने माहीत आहे. इथली हवा दमट, पावसाळ्यात तर दोन दिवस विसरलात तरी गंज धरतो. पण मालतीबाई विसरत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी कपाटात मागे पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. गंजलेला दिसला म्हणून फेकू नका. मीठ लागतं, तेल लागतं, आणि कुणीतरी बसून घासावं लागतं. घरातलं कुणी रागावून गप्प बसलं असेल तर त्याच्याशीही बोलायला एखादं निमित्त काढा, अगदी तव्याचं असलं तरी चालेल.

आज बुधवार आहे. पीठ मळून झालं आहे, मी तापतो आहे आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आहे. तो वाजला की मालतीबाई आधी म्हणतील, तवा दाखव. पलीकडचा तवा नीट कोरडा दिसला, की मग विचारतील, जेवलीस का.