पाच मिनिटांचं काम

मी एक जुना वेल्डिंगचा डबा आहे. खरं म्हणजे मशीन, पण वस्तीतली पोरं मला डबाच म्हणतात. माझ्या अंगावर निळा रंग अजून पुष्कळ शिल्लक आहे. मित्रांनो, त्या रंगाचीच मला लाज वाटते.

वस्तीविकासाचा प्रकल्प आला, त्याच्याबरोबर मी आलो. नाल्याकाठच्या एका खोलीत मला ठेवलं आणि शिकवायला एक मास्तर आले. मोठे तोंडाळ! "अरे, टाका मारतोस की शेण थापतोस?" असं ओरडायचे, पण हात धरून शिकवायचे. रिकामटेकडी म्हणून ज्यांना घरी उठता बसता बोलणी खावी लागत, ती पोरं हळूहळू कामाला लागली. त्यांत एक मुलगी होती. ठिणग्यांना जराही बिचकायची नाही, म्हणून तिचं नावच ठिणगी पडलं.

याच पोरांनी माझ्या जोरावर नाल्याच्या पुलाला लोखंडी कठडा केला. त्याआधी नाल्याला पाणी चढलं की आया लेकरांना शाळेत धाडायच्याच नाहीत. कठडा झाला आणि पुलावर दप्तरांची रांग लागली. खिडकीतून ती बघताना मी अगदी फुगून जायचो. ठिणगीची भाची चिमी रोज कठड्यावरून हात फिरवत जायची आणि मैत्रिणींना ऐकवायची, "हा माझ्या आत्याने केलाय!"

मग प्रकल्प संपला. मास्तर गेले. समिती झाली आणि खोलीची किल्ली अध्यक्षांकडे आली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा माणूस वाईट नव्हते हो, मला फार जपायचे. स्वतःच्या हाताने पुसायचे. "कुणी बघायला आलं तर वस्तू नव्यासारखी दिसली पाहिजे," म्हणायचे. दाराला कुलूप लागलं, शिकवणं बंद पडलं, आणि धाकटी पोरं पुन्हा नाक्यावर टिवल्याबावल्या करत बसू लागली.

एकदा अण्णा मला पुसत असताना ठिणगी दारात आली.

"अण्णा, कठड्याचा एक सांधा सुटलाय. डबा द्या, पाच मिनिटांचं काम आहे."

"अगं, समिती बसू दे. उठसूट बाहेर काढलं तर बिघडेल ना ते."

"पोरं जातात हो तिथून!"

"मला कळत नाही का? सोमवारी बघू."

सोमवार आला नि गेला. ती पुन्हा आली, पुन्हा तेच उत्तर. ती कामाला होती त्या कारखान्यातलं मशीन बाहेर नेऊ देत नव्हते. शेवटी तिने तो सांधा तारेने आवळून बांधला आणि चिमीला बजावलं, "त्या बाजूला जायचं नाही, कळलं?"

चिमी लहानच होती. शाळा सुटली, पुलावर रेटारेटी झाली आणि ती कठड्यावर आदळली. तार तुटली. खिडकीतून मी सगळं बघितलं. अख्खा कठडा जोडायची ताकद माझ्यात होती, आणि मी कुलपाआड लखलखत बसलो होतो.

नाला भरून वाहत होता. चिमी सापडली, पण जिवंत नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी कुलूप उघडलं आणि किल्ली ठिणगीपुढे धरली. तिने ती घेतली. मला पुलावर नेलं, जवळच्या घरातून वीज घेतली, तोंडावर काच धरली आणि टाका मारला. काचेमागे ती रडत होती. हात मात्र हलला नाही. पाचच मिनिटं लागली.

आता किल्ली ठिणगीकडे आहे आणि दार दिवसभर उघडं असतं. नवी पोरं शिकतात, मला आदळतात, रंग खरवडतात. ठिणगी मास्तरांसारखीच ओरडते. चिमीची आई मात्र पुलावरून जात नाही, लांबच्या रस्त्याने जाते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, वस्तीत अशी एखादी कुलूपबंद खोली असेल. मोठ्यांच्या मागे लागा, ती उघडायला लावा. आम्हाला पुसत बसू नका, झिजवा. मी वेळेवर झिजलो असतो, तर चिमी यंदा दुसरीत गेली असती.