गल्लीचा गूळ आणि नाक्याचा बांबू

मित्रांनो, माझ्या जातीच्या बांबूंना आपल्या सोलापुरात केवढा मान! गड्ड्याच्या जत्रेत ते नंदीध्वज होऊन मिरवतात, खारीक-खोबऱ्याचे हार घालून घेतात. मी मात्र अक्कलकोट रस्त्याच्या जकात नाक्यावरचा आडवा बांबू. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला दोरी, अंगावर लाल-पांढरे पट्टे.

नाकेदार शिवयोगीअण्णा रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचे. बाहेरून माल आला की मी आडवा; जकात भरली की मी वर. नवरानवरीची गाडी आली तर अण्णा मला आधीच उचलून धरत. "ह्याच पैशावर गावाचे दिवे लागतात, नळ चालतात, बरं का," असे ते मलाच समजावत. बांबूला छाती असती तर फुगली असती!

पण बाहेरून येताना नाक्याच्या अलीकडेच एक गल्ली होती. दुधनीकडून गुळाची गाडी घेऊन येणारा महिपती गाडीवान तिथेच वळायचा, गल्लीतून परस्पर शहरात शिरायचा आणि जकात चुकवायचा. गल्लीने गप्प बसावे म्हणून दारोदार गुळाचा एकेक खडा. त्या खड्याला सगळे कौतुकाने 'गल्लीचा गूळ' म्हणत. मी आपला मोकळ्या रस्त्यावर आडवा!

त्याच गल्लीत वच्छला राहायची. तिची रुद्राणी नुकती पाऊल टाकू लागली होती आणि विहिरीच्या गढूळ पाण्याने सारखी आजारी पडायची. वच्छला पाणी गाळायची, उकळायची, तरी भांडे उजेडात धरून पुन्हा बघायची. गल्लीला नळ हवा होता. महापालिकेच्या कचेरीतून उत्तर आले, यंदा पैसा नाही.

मग महापालिकेची निवडणूक आली. उमेदवार बाळासोंनी माझ्याशेजारीच सभा घेतली. माझ्यावर हात आपटून म्हणाले, "मला निवडून द्या. हा बांबू उपटून चुलीत घालतो! गूळ सस्ता हुतोय का न्हाय बघा!"

टाळ्या पडल्या. मित्रांनो, माझे लाल पट्टेही पांढरे पडले.

रुद्राणीला कडेवर घेऊन वच्छला पुढे झाली. "बाळासो, मग नळाला पैसा कुठनं आणणार?"

"मुंबईस्नं, सरकारकडनं मागू की, वैनी."

"मुंबईला ही पोर माहीत हाय का? तुमाला निदान हितं गाठून विचारता येतंय. तितं भांडायला कोण जाणार?"

सगळे बाळासोंना हसले. शेजारची गौरम्मा मात्र खवळली. "लई शाणी! गूळ तूबी खाल्लास की!"

"खाल्ला, मावशी. आता बास."

दुसऱ्या दिवशी महिपतीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, तर वाटेत बाज आडवी आणि बाजेवर लेकीला मांडीवर घेऊन वच्छला.

"ताई, गूळ घ्या की."

"नाक्यावरनं या, दादा."

"मालक वरडतील की वो!"

गौरम्मा पुटपुटत बाहेर आली. वाटले, आता बाज ओढून बाजूला करते. ती बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. "बघतोस काय रे? वळीव गाडी!"

गाडी वळून नाक्यावर आली आणि जकात भरून गेली. त्या बाजेसारखी सख्खी बहीण मला दुसरी मिळाली नाही.

बाळासो निवडून आले. चुलीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. गल्लीतल्या बायका त्यांच्या दारातच बसलेल्या असायच्या ना! आणि एकदाचा गल्लीत नळ आला.

पुढे मी चिरलो. नाक्यावर लोखंडी दांडा बसला. अण्णांनी मला टाकून दिले नाही, वच्छलेच्या हवाली केले. आता नळापाशी गुरे शिरू नयेत म्हणून मी आडवा असतो. रुद्राणी माझ्यावर लोंबकळते आणि आईची बोलणी खाते. कधी कुणी घागर भरून नळ तसाच वाहता सोडून जाते. तेव्हा मला हात नसल्याचे फार वाईट वाटते.

मित्रांनो, तुम्हाला हात आहेत. येता-जाता तेवढा नळ बंद करा.